चुन्याच्या रानातली बाई

सगुणाक्कांनी जन्मात समुद्र पाहिला नाही. पाहायची हौसही नव्हती. तरी त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर समुद्र टांगलेला होता आणि त्याला त्या रोज सकाळी हळदकुंकू लावायच्या.

त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. आमचं गाव येरमाळ्याहून चालत निघालं तर उन्हं चढायच्या आत गाठता येईल, एवढ्या अंतरावर. मी लग्न होऊन आले त्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "नवी सून आली व्हय गं? खोकती का?"

मी म्हणाले, "न्हाय."

"मग बरं. भिंत पातळ हाय."

अशी आमची ओळख झाली. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणत असे आणि त्या मला कौशे. पुढं आमचे केस पिकले, तरी त्यांनी मला कौसल्या म्हणून कधी हाक मारली नाही.

चित्र दीड हात लांब असेल. कापडावर रंगानं काढलेलं, लाकडी चौकटीत बसवलेलं, वर काच नाही. खालचा अर्धा भाग पांढुरका. त्यावर पाचसहा माणसं, बहुतेक वाकलेली, जमिनीवरून काहीतरी वेचणारी. एकाच्या डोक्यावर छत्री. त्यांच्या मागं निळा पट्टा आणि त्यात पांढरे तिकोनी ठिपके. त्याच्यावर आभाळ. मधोमध पिवळ्या लुगड्यातली एक बाई वाकलेली आणि तिच्या पायाशी लाल ठिपक्याएवढं पोर.

समुद्रावर माणसं शिंपले वेचतात, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडं माणसं चुना वेचतात. चैती पुनवेला येरमाळ्याला येडाईची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून उतरून खाली चुन्याच्या रानात येते. रान पांढऱ्या खड्यांनी भरलेलं. ज्यानं त्यानं वाकून पाच खडे वेचायचे आणि ढिगावर टाकायचे. त्याच चुन्यानं देवीचं देऊळ रंगवतात. लाखभर माणूस त्या उन्हात एकाच वेळी वाकलेलं असतं. त्यामुळं अक्कांच्या घरातलं चित्र गावात कुणालाही दाखवा, तो बघताक्षणी म्हणायचा, येरमाळा. पांढरे तिकोन म्हणजे यात्रेतली पालं. निळा पट्टा म्हणजे मृगजळ. चैतात दुपारी आमचा माळ तसाच लवलवतो आणि लांबची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसतात. छत्रीला तर काही विचारायलाच नको. ऊन सगळ्यांनाच लागतं.

अक्कांचे वडील परंड्याच्या डाकबंगल्यावर माळी होते. निजामाचं राज्य गेलं तसा बंगल्यातला साहेबही गेला. जाताना जे न्यायला जड होतं ते त्यानं नोकरांना वाटलं. वडिलांच्या वाट्याला एक कंदील आणि हे चित्र आलं. अक्कांची आई त्याच्या आदल्याच वर्षी तापानं गेली होती. पोर रात्रंदिवस माय माय करून रडायचं. वडिलांनी तिला उचलून चित्रासमोर धरलं आणि म्हणाले, "ही बघ तुझी माय. येरमाळ्याला चुना येचाया गेली हाय. आन् ह्ये तिच्यापशी कोण हाय? तू."

पोर गप्प झालं. रडणारं लेकरू गप्प करायला माणूस काहीही सांगतं, असं माझं मत. पण वडिलांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच त्या बाईला कुंकू लावलं. तेव्हा त्यांनी काय ठरवून सांगितलं आणि काय स्वतः मानलं, ते मला सांगता येणार नाही. आईचा फोटो नव्हता. त्या काळी आमच्यात फोटो कुणाचेच नसायचे. अक्का लग्न होऊन सासरी आल्या त्या हे चित्र घेऊनच.

अक्कांना एक खोड होती. कुठलीही वस्तू त्या जवळून बघायच्या नाहीत. भूमच्या बाजारात लुगडं घ्यायचं तर ते दुकानदाराला हातात धरायला लावायच्या आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडं उभ्या राहायच्या. मधून एसटी जायची, बैलगाडी जायची. दुकानदार ओरडायचा, "बाई, घ्यायचंय का न्हाय?" ह्या पलीकडून ओरडायच्या, "हात वर धरा की! पोटापाशी काय धरताव?" मी लाजेनं दुसऱ्या दुकानात जाऊन बसायचे.

"जवळनं सूत दिसतंय," त्या म्हणायच्या. "मला सूत न्हाय नेसायचं, लुगडं नेसायचंय."

पिवळं लुगडं मात्र त्या कधी घेत नसत. दरवेळी एक काढायला लावायच्या, पलीकडून डोळे भरून बघायच्या आणि परत ठेवायला सांगायच्या. मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "पिवळं मायचं हाय."

सूनही त्यांनी अशीच पसंत केली. भगवान त्यांचा एकुलता एक, एसटीत कंडक्टर. मुलीकडच्यांनी चहापोह्याला बोलावलं तर अक्का म्हणाल्या, घरात नको, पोरीला येरमाळ्याच्या स्टँडवर घेऊन या. मुलगी तिकडून चालत आली, ह्या इकडून एक डोळा मिटून बघत राहिल्या. मुलगी जवळ यायच्या आतच म्हणाल्या, "चालंल. पाय टाकताना जिमिनीवर राग न्हाय हिचा." पुढं सासूसुनेची भांडणं झाली, होणारच. पण अक्कांनी निवड चुकली असं कधी म्हटलं नाही. म्हणायच्या, "लांबनं अजून चांगलीच दिसती."

दिवसभरात त्या चित्राशी थोडंफार बोलायच्या. भिंत पातळ असल्यामुळं मला ऐकू यायचं. त्यात देवाधर्माचं काही नसायचं. आज भाकरी करपली, शेळी व्याली, कौशी दळण न्यायला विसरली, असलंच. एकदा माझी चुगली ऐकून मी भिंतीवर थाप मारली. पलीकडून आवाज आला, "बघ माय, हिचं कान."

पुढं माझ्या मुलाला मुंबईकडं नोकरी लागली आणि त्यानं मला समुद्रावर नेलं. मी वाळूत उभी राहिले. समोर निळा पट्टा, त्यात पांढरी शिडं. एक बाई वाकून शिंपले वेचत होती, जवळ पोर. माझ्या पायाखालून पाणी वाळू ओढून नेत होतं आणि मला वाटलं, मी अक्कांच्या भिंतीत उभी आहे. मुलगा विचारत होता, आवडलं का? मी म्हणाले, हे मी रोज बघते.

घरी आले त्याच दिवशी अक्कांना सांगितलं. मनात ठेवणं मला जमत नाही. "अक्का, तुमच्या भिंतीवर समुद्र हाय. म्या बघून आले."

त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "तू समुद्र बघितलास. येरमाळा न्हाय बघितलास व्हय जन्मात?"

"दोन्ही बघितलं. म्हणून तर सांगते."

"मग तुजा समुद्र येरमाळ्यासारखा दिसत असंल."

आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी भिंतीपलीकडून विचारलं, "खारट असतंय व्हय गं पाणी?" मी म्हणाले, व्हय. "मग काय कामाचं," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

म्हातारपणी त्यांना मोतीबिंदू झाला. धाराशिवच्या शिबिरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तशा घरी येऊन आधी चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "डाक्तरनं डोळा बिघडवला!" आम्ही धावलो. त्या म्हणाल्या, "ह्या डोळ्यानं निस्तं फटकारं दिसत्यात. बाई न्हाय, पोरगं न्हाय. कुनी रंगाचा हात पुसल्यावानी." मग तो डोळा मिटून दुसऱ्या, धुकट डोळ्यानं बघितलं आणि श्वास सोडला. "हाय. हाय जागेवर."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी करू दिलं नाही. भगवाननं डोकं आपटलं. त्या म्हणाल्या, "एक डोळा घरादारासाठी झाला. ह्यो मायसाठी असू दे."

चित्र तपासायला बाई आली ती भगवानच्या मुलीमुळं. ती पुण्यात शिकते. तिनं मोबाइलवर चित्राचा फोटो कुणाला दाखवला, त्यानं आणखी कुणाला. जुनी चित्रं दुरुस्त करणं आणि ती कुणाची, किती मोलाची हे ठरवणं, असा धंदा असलेल्या एक मॅडम येतो म्हणाल्या. भगवानला आनंद झाला. चित्र मोठ्या माणसाचं निघालं तर ते पुण्याला जाईल, चांगल्या जागी राहील, असं तो म्हणायचा. "हितं काय, आई? पाली फिरत्यात त्याच्यावरनं."

आदल्या दिवशी अक्का माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. "कौशे, ती दुसरीच कुनी निघाली तर?"

"तर काय, भिंत रिकामी हुईल."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मग म्या ठेवून घेनार न्हाय. दुसऱ्याच्या मायला कुंकू लावत बसायचं, ह्ये मला जमायचं न्हाय. त्या लेकरानं काय म्हनावं?"

त्या लेकरानं म्हणजे चित्रातल्या दुसऱ्याच कुणाच्या लेकरानं. मी पाणी प्यायला उठले.

मॅडम चाळिशीच्या, साध्या. चहा नंतर घेते म्हणाल्या. ओसरीत बाजेवर वाकळ अंथरून चित्र ठेवलं. त्यांनी हातमोजे घातले, भिंग काढलं, छोटी बॅटरी काढली. चित्राला तिरका उजेड दिला, चित्र पालथं केलं, वास घेतला. पाठीमागं कागदाचा चिटोरा होता, पण तो कसरीनं खाऊन टाकलेला. कुठं नाव नव्हतं. अक्का खांबाला टेकून लांब बसल्या होत्या. त्या चित्राकडं बघतच नव्हत्या. मॅडमच्या तोंडाकडं बघत होत्या.

"आजी, हे उघड्यावर उभं राहून काढलंय," मॅडम म्हणाल्या. "घाईनं, ऊन बदलायच्या आत. फार वर्षांपूर्वी फ्रान्स देशात काही चित्रकार असं काढायला लागले. मग त्यांचं बघून सगळीकडं लोक काढायला लागले. हे कुणी काढलं ते मला सांगता येणार नाही. पण हात शिकलेला आहे."

"कुनी ते ऱ्हाऊ द्या. कुठलं हाय?"

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "समुद्रकिनारा आहे, आजी."

भगवान खाली बघायला लागला. मीही. हे मी कितीतरी वर्षांपूर्वी सांगितलं होतं, पण खरं ठरल्याचा आनंद काही झाला नाही.

"कशावरनं?" अक्का म्हणाल्या.

मॅडमनी त्यांना जवळ बोलावलं, भिंग धरलं. खालच्या पांढऱ्या भागात, रंगाच्या आत, बारीक कण रुतलेले होते. "वाळू. रंग ओला असताना वाऱ्यानं उडून चिकटलेली."

"वारा येरमाळ्यालाबी हाय."

"आहे की."

"आन् ती वाळू कशावरनं? आमच्या रानातला चुना असंल. माती तपासाया सायब आला हुता आमच्यात. त्यानं मातीवर आंबट पानी टाकलं, फसफसलं, तसा म्हनला, चुनखडी हाय. कौशे, लिंबू आन."

मला वाटलं मॅडम हसतील. हसल्या नाहीत. चौकटीच्या खालच्या खाचेत गळून पडलेले थोडे कण होते, ते त्यांनी सुईनं काढून स्टीलच्या ताटलीत घेतले. मी दारचं लिंबू आणलं. अक्कांनी ते स्वतः पिळलं, थेंब थेंब. आमची चार डोकी ताटलीवर. भिंगातून दिसलं, कणाभोवती बारीक बुडबुडे उठत होते.

"उकळलं!" अक्का ओरडल्या. "बघा! उकळलं का न्हाय?"

"आई, जिंकलीस," भगवान म्हणाला.

मॅडम ताटलीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, शिंपलाही चुन्याचाच असतो. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तीही अशीच फसफसते."

मला ती बाई तिथं आवडली. गप्प बसली असती तर आमचा दिवस सोपा गेला असता.

अक्का मागं सरून भुईवरच बसल्या. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं. "मग तिचं तोंड बघा," त्या म्हणाल्या. "तोंडावरनं कळंल. मेम हाय का आपली हाय."

"तोंड दिसत नाही. त्यावर कुंकू आहे."

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. बाईचं डोकंच ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यावर रोज बोट टेकलेलं. जन्मभराच्या हळदकुंकवाची तिथं खपली धरली होती. अक्कांनी आईच्या कपाळाला कुंकू लावता लावता तिचं तोंडच झाकून टाकलं होतं. त्याखाली काय आहे, हे घरात कुणीच बघितलेलं नव्हतं.

"काढता येईल," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तरच."

भगवान काही बोलायला गेला, मी त्याला हातानं गप्प केलं. अक्का उठल्या. देव्हाऱ्यासमोर जाऊन चित्राची रिकामी जागा बघून आल्या. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला होता.

"काढा. पर दुसरीच कुनी निघाली तर आजच घेऊन जावा. उद्यावर ठेवू नका."

मॅडमनी काडीला कापूस गुंडाळला आणि सरळ जिभेला लावून ओला केला. मी म्हणाले, "अवो, थुंकी?"

"थुंकीच चांगली. नुसत्या पाण्यानं खपली सुटत नाही."

अक्कांना हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. "माय तशीच पुसती लेकराचं तोंड," त्या म्हणाल्या.

कापूस लाल झाला. दुसरा घेतला, तोही लाल झाला. मॅडमचा हात इतका हळू चालला होता की झोपलेल्या माणसाला पुसत आहेत असं वाटावं. खपली सुटत गेली. खालून हळद निघाली, मग तीही गेली. मॅडमनी भिंग धरलं, थोडा वेळ बघितलं आणि बाजूला झाल्या.

तोंड नव्हतंच. नाक नाही, डोळे नाहीत. कुंचल्याचा एक फटका, गव्हाच्या रंगाचा. बस्स.

"आजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "ह्या पद्धतीत तोंड काढत नाहीत कधीकधी. लांबून माणूस जेवढा दिसतो तेवढाच काढतात."

अक्कांनी ऑपरेशनच्या डोळ्यानं बघितलं. मग तो मिटून दुसऱ्यानं. मग पायरी उतरून अंगणात गेल्या, पार गोठ्याच्या दावणीपर्यंत, आणि म्हणाल्या, "धर रे भगवान वर. छातीपाशी न्हाय, वर."

भगवाननं चित्र डोक्यावर धरलं. अक्का उन्हात उभ्या. किती वेळ कोण जाणे. शेळीनं त्यांचा पदर चघळायला घेतला तरी त्यांना कळलं नाही.

"न्हाय काढलं तोंड?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"नाही, आजी."

"मग तीच हाय," त्या म्हणाल्या. "मलाबी तिचं तोंड न्हाय आठवत. म्या कुनाला कधी सांगितलं न्हाय. पिवळं लुगडं आन् वाकल्याली पाठ, एवढीच हाय ती माझ्यापशी. ज्यानं काढली त्यालाबी एवढीच दिसली."

मॅडमनी हातमोजे काढले. भगवाननं मोल विचारलं, तर म्हणाल्या, नाव नसलेल्या चित्राचं मोल घेणाऱ्यावर असतं, आणि मला वाटतं घेणाऱ्यानं घेतलेलं आहे. मग चहाबरोबर धपाटा खाल्ला, दुसरा मागून घेतला. जाताना एकच सांगितलं, चित्राला कुंकू लावू नका. अक्कांनी ते पाळलं. दुसऱ्या दिवसापासून कुंकू चौकटीला. मी भिंतीतून ऐकलं, "आता बरं दिसतंय का गं? डोळ्यावर यायचं न्हवं."

पुढल्या चैतात त्यांनी भूमच्या बाजारातून पिवळं लुगडं घेतलं. रस्ता न ओलांडता.

यात्रेला आम्ही तिघं गेलो. त्याच वर्षी पुढं पावसाळ्यात अक्का झोपेतच गेल्या, तेव्हा ती त्यांची शेवटची यात्रा. माझे गुडघे चालत नव्हते. मी पिशव्या घेऊन बाभळीखाली बसले. अक्का भगवानचा हात धरून गर्दीत गेल्या. उदो उदो चाललं होतं, पण एवढ्या लांब ते कुठून तरी पाणी वाहत असल्यासारखं ऐकू येत होतं. रान पांढरं झालं होतं. सगळी माणसं वाकलेली. त्यांच्या मागं मृगजळाचा निळा पट्टा आणि त्यात यात्रेची पालं हलत होती, आत्ता सुटून निघून जातील अशी. कुणाची तरी छत्री उघडली. माझा जरा डोळा लागला असेल, कारण मला तोंडाला खारट चव आली.

मधोमध एक पिवळं लुगडं वाकलेलं होतं. ते सावकाश सरळ झालं, माझ्याकडं वळलं आणि हात वर केला. ऊन डोळ्यावर होतं. तोंडाच्या जागी गव्हाच्या रंगाचा एक ठिपका, एवढंच दिसलं.

मीही हात वर केला. कोण आहे, हे मला कुणी येऊन तपासून सांगायची गरज नव्हती.